परदेशात पेट्रोलची बोंब झाली तर काय करायचं (आपल्या खान्देशातल्या पोरापोरींसाठी अन त्यांच्या घरच्यांसाठी)

राम राम मंडळी. आजकाल जळगाव म्हणा, धुळे म्हणा, नाहीतर अमळनेर-चोपड्याकडचं एखादं खेडं म्हणा, कोणाचं ना कोणाचं लेकरू बाहेर असतंच, कोणी अमेरिकेत एमएस करतंय, कोणी इंग्लंडात, कोणी गल्फमध्ये कंपनीत. अन टीव्हीवर बातमी आली की तिकडे पंपावर रांगा लागल्या, की इकडे घरी फोन सुरू, "काय रे, पेट्रोल संपलं म्हणे, जेवला का?" मी स्वतः काही वर्षं नॉर्थ कॅरोलायनात काढली, मे २०२१ ला तिथे पेट्रोलचा जो गोंधळ झाला तो डोळ्यांनी पाह्यलाय, आता जळगावात आहे अन ओळखीचे लोक हेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

आधी हे ओळखा की टंचाई कशाची आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकी सगळं यावर ठरतं. पेट्रोल नाही म्हटल्यावर लोक लगेच टाकी भरायला पळतात, कोणी विचारतच नाही की का नाही. अन "का" कळल्याशिवाय किती दिवस चालणार ते कळत नाही, अन किती दिवस ते कळल्याशिवाय तुम्ही काय डोंबल प्लॅनिंग करणार.

आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक-टँकर ड्रायव्हरांनी काम बंद केलं, तो हिट अँड रनचा नवा कायदा होता त्याच्या विरोधात. मनमाडजवळ पानेवाडीतून आपल्याकडे टँकर येतात, तिथूनच गाड्या हलेनात, अन इकडे पंपावर ही मोठी रांग, लोक बुलेट घेऊन, ट्रॅक्टर घेऊन, कॅन घेऊन. आता बघा, पेट्रोल होतं. डेपोच्या टाक्यांत होतं. वाहणारा नव्हता. २ तारखेला रात्री दिल्लीत बोलणी झाली, संप मिटला अन विषय संपला. ज्यांनी तीन तास रांगेत उभं राहून टाकी फुल केली त्यांना मिळालं काय तर पाठदुखी.

बाहेरच्या बऱ्याच टंचाया याच जातीच्या असतात, माल आहे पण पोचत नाही. अमेरिकेत ७ मे २०२१ ला कलोनियल पाइपलाइन नावाच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर सायबर हल्ला झाला अन त्यांनी पाइपलाइनच बंद करून टाकली. ही पाइपलाइन ह्यूस्टनपासून पार न्यू जर्सीपर्यंत जाते, साधारण ५,५०० मैल, अन पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनातलं ४५ टक्क्यांच्या आसपास तिच्यातून जातं. १२ मे ला संध्याकाळी परत सुरू झाली, म्हणजे मोजून पाच-सहा दिवस, पण पंप कोरडे राहिले त्याच्यापेक्षा जास्त, कारण पाइपलाइनमधलं पेट्रोल चालायच्या स्पीडनेच पुढे सरकतं अन तोवर लोकांनी घाबरून सगळं उपसून ठेवलेलं. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ ला तसंच, टँकर चालवायला ड्रायव्हर कमी, थोडे पंप बंद झाल्याची बातमी आली अन देशभर लोक तुटून पडले, शेवटी ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे ड्रायव्हर टँकरवर बसवावे लागले. २०१२ ला सँडी वादळानंतर न्यू जर्सी-न्यूयॉर्कला तर अजून वेगळं, कित्येक पंपांखालच्या टाकीत पेट्रोल होतं पण लाइट नाही म्हणून मोटर चालेना. मंग गाडीच्या नंबरावरून सम-विषम लावलं.

दुसरी जात म्हणजे माल येतच नाही. श्रीलंका, २०२२. देशाकडे डॉलरच उरले नाहीत, मग जहाजाचे पैसे देणार कोण. जूनच्या शेवटी सरकारने सांगून टाकलं की १० जुलैपर्यंत पेट्रोल-डिझेल फक्त अत्यावश्यक सेवांना. शाळा बंद, ऑफिसं घरून, अन पुढे क्यूआर कोडवाला फ्युएल पास आला, त्यात सुरुवातीला आठवड्याला मोटरसायकलला ४ लिटर, रिक्षाला ५, कारला २०. नेपाळात सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६, सीमेवरची वाहतूक अडकली, गाड्यांचं तर सोडाच, स्वयंपाकाचा गॅससुद्धा अर्धा सिलिंडर भरून वाटायची वेळ आली. हे असं असेल तर महिने धरून चालायचं.

या दोन्हींच्या मधे संप असतो. फ्रान्सला ऑक्टोबर २०२२ मध्ये रिफायनरी कामगारांनी पगारासाठी संप केला तो काही आठवडे चालला. संपाचं असं असतं की बातम्यांत "आज बोलणी" आलं की उद्या सुटेल असं वाटतं अन सुटत नाही. तिथे दोन-तीन आठवडे धरा.

ओळखायचं कसं? तीन प्रश्न. देशात तेल आहे का, ते आणायला पैसा आहे का, अन रस्ता-पाइप-ड्रायव्हर यातलं काय बंद आहे. अजून एक सोपी गोष्ट, दीडशे-दोनशे मैलांवर कोणी ओळखीचं असेल त्याला फोन करून विचारा तिकडे पंप चालू आहेत का. चालू असतील तर ही तुमच्या भागापुरती अडचण आहे, दमानं घ्या. तिकडेपण बोंब असेल तर मुक्काम लांबला असं समजा. व्हॉट्सॲपवर आलेला रांगेचा व्हिडिओ हा पुरावा नाही, तो कधीचा अन कुठला कोणास ठाऊक.

टंचाई नसताना करायच्या गोष्टी

आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे टाकी अर्धी झाली की आपली माय पंप लावायची घाई करते, अगदी तोच नियम गाडीला लावा. काटा अर्ध्यावर आला की भरा. पैसे तेवढेच लागतात, फक्त पंपावर दोनदा जावं लागतं. पोरं मात्र लाल लाइट लागेपर्यंत चालवतात, त्यात शान वाटते का काय कळत नाही. बरं त्यात गाडीचंपण नुकसान, आजकालच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो अन पेट्रोलमुळेच थंड राहतो, कायम तळाशी चालवली तर तो गरम होऊन लवकर जातो, अन तो बदलायचा खर्च विद्यार्थ्याच्या महिन्याचं गणित बिघडवतो.

दुसरं, बसचा नंबर माहीत करून ठेवा. अमेरिकेत गाडी घेतली की लोक विसरून जातात की गावात बस आहे, कॉलेजची शटल आहे. एका रविवारी आरामात बसने ऑफिसला जाऊन या, कुठे उतरायचं, किती चालायचं, रात्रीची शेवटची कितीला, हे टंचाईच्या सोमवारी सकाळी शोधत बसायची वस्तू नाही.

तिसरं, आपली माणसं. जवळ राहणारे चार जण, त्यांचे ऑफिस कुठल्या दिशेला, कोणाकडे हायब्रिड आहे, कोणाकडे इलेक्ट्रिक. एक छोटा ग्रुप. मराठी मंडळाचा दोनशे लोकांचा ग्रुप यासाठी कामाचा नाही, तिथे "अमक्या पंपावर आहे" असा मेसेज पडला की अर्ध्या तासात तो पंप कोरडा.

पंपावर गेल्यावर

आपल्याकडे पंपावर माणूस असतो, "दोनशेचं टाक" म्हटलं की झालं. तिकडे बहुतेक ठिकाणी स्वतः भरायचं (न्यू जर्सी सोडून, तिथे उलटं आहे, स्वतः भरायला कायद्याने बंदी). नवीन पोरांना टंचाईच्या रांगेत पहिल्यांदा हे करायची वेळ आली की हात थरथरतात, मागचे हॉर्न वाजवतात. म्हणून गर्दी नसताना एकदा शिकून घ्या, झाकण कुठल्या बाजूला तेपण. काट्याजवळ पंपाचं चित्र असतं, त्याच्या बाजूला छोटा बाण असतो, बाण ज्या बाजूला त्या बाजूला टाकीचं झाकण. भाड्याची किंवा मित्राची गाडी असली तर हे फार कामी येतं.

नोझलच्या रंगाचं लक्षात ठेवा. इंग्लंडात हिरवं म्हणजे पेट्रोल अन काळं म्हणजे डिझेल. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवं म्हणजे डिझेल! लेस्टरला शिकून मग टेक्सासला नोकरी लागलेल्या पोराने घाईत काय करायचं ते करून टाकलं तर गाडी सरळ गॅरेजला. रंगावर जाऊ नका, नाव वाचा. अन चुकून टाकलंच गेलं तर गाडी चालू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका, आहे तिथून ढकलून बाजूला घ्या अन मेकॅनिकला बोलवा.

आता कार्डाचं. हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत पंपावर कार्ड घातलं की तुम्ही कितीचं भरणार ते मशीनला माहीत नसतं, म्हणून ती आधीच एक मोठी रक्कम अडवून ठेवते, कुठे १०० डॉलर, कुठे १७५ पर्यंत. तुम्ही भरलं २० चं, पण उरलेले पैसे परत मोकळे व्हायला वेळ लागतो, कधी काही तास, कधी एक-दोन दिवस. क्रेडिट कार्डावर फरक पडत नाही पण डेबिट कार्डात दीडशे डॉलरच असले तर झालं, संध्याकाळी किराणा घ्यायला गेलात की कार्ड रिजेक्ट. टंचाईत तर लोक तीन-तीन पंप फिरतात, थोडं इथे थोडं तिथे, मग प्रत्येक ठिकाणी वेगळी रक्कम अडकते. उपाय सोपा, आत काउंटरवर जा अन "पंप नंबर चार, वीस डॉलर" असं सांगून आधी पैसे द्या. थोडी कॅश जवळ ठेवा, लाइट गेली की कार्ड मशीनपण जातं.

रांगेत इंजिन बंद ठेवा. नुसती उभी गाडी एसी लावून तासाभरात पाव ते अर्धा गॅलन पिऊन जाते, म्हणजे एक ते दोन लिटर. गॅलनला ३० मैल देणारी गाडी असेल तर रांगेतच सात ते पंधरा मैल गेले. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तर बंद करून परत सुरू करणं स्वस्त पडतं. अन काटा पाऊण टाकीच्या वर असेल तर रांगेत लागूच नका हो, खरंच. चार लिटर भरायला दोन लिटर जाळणारे लोक मी पाह्यलेत.

पंपवाल्याशी भांडण नको. इंग्लंडात काही पंपांनी एका माणसाला ३० पौंडांचंच असा नियम केला होता, फ्रान्सला काही जिल्ह्यांत कॅनमध्ये भरायलाच बंदी होती. आपल्याकडे कसं, "अरे दादा, ओळखतो ना तू मला" चालून जातं, तिकडे नाही चालत, पोलीस येतो. त्यापेक्षा काउंटरवरच्या माणसाला शांतपणे विचारा टँकर साधारण कधी येतो. सांगतात. बऱ्याचदा तो माणूस गुजराती नाहीतर पंजाबीच निघतो, पण त्याचा फायदा माहितीपुरता घ्या, डिस्काउंट मागू नका.

घरात साठवायचं का?

शक्यतो नाही. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर अजिबात नाही, बहुतेक भाडेकरारात मनाईच असते अन खाली कोणाचं लेकरू झोपलंय याचा विचार करा. आपल्याकडे बाटलीत पेट्रोल आणायची सवय जुनी, गावाला रस्त्यावर टपरीत पाण्याच्या बाटलीतून विकतात, त्यामुळे आपल्याला त्यात काही वाटत नाही. पण पाण्याच्या बाटलीचं, दुधाच्या कॅनचं प्लास्टिक पेट्रोलने मऊ पडतं, वाफ बाहेर येते. आपण एकटेच असे नाही बरं का, मे २०२१ ला अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला जाहीर सांगावं लागलं होतं की प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका म्हणून. पिशव्यांत!

स्वतंत्र घर असेल, घरापासून लांब शेड असेल, तर पेट्रोलसाठीच बनवलेला एक कॅन ठीक आहे. अमेरिकेत लाल कॅन पेट्रोलचा, पिवळा डिझेलचा, निळा रॉकेलचा. इंग्लंडात घरी ३० लिटरपर्यंत चालतं, त्यात प्लास्टिकचा कॅन १० लिटरपेक्षा मोठा नको अन पत्र्याचा २० पेक्षा. भरताना कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा, डिकीत ठेवून भरू नका, गाडीच्या गालिच्यावर घासून स्टॅटिक (घर्षणाची वीज) तयार होतं अन एक ठिणगी पुरते. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. अन महिनोनमहिने तसंच ठेवू नका, जुनं होतं, इथेनॉल मिसळलेलं तर पाणी धरतं.

अन एक अगदी आपली खोड. मोटरसायकलची नळी काढून तोंडाने ओढायचं अन बाटलीत सोडायचं, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी केलंय. तिकडे मित्राच्या गाडीतून काढायला जाऊ नका. एक तर आजच्या कारच्या टाकीत नळी जातच नाही, अडवलेली असते, अन दुसरं म्हणजे एक घोट चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखं होतं, दवाखान्यात भरती. कोणी पेट्रोल गिळलंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, उलटीत ते परत फुप्फुसात जाऊ शकतं, सरळ इमर्जन्सीला फोन.

कागद घ्या, हिशोब मांडा

समजा गाडी गॅलनला ३० मैल देते, टाकी १२ गॅलनची, काटा अर्ध्यावर. म्हणजे १८० मैल. त्यातले ४० मैल बाजूला काढा, ते दवाखान्याचे, त्यांना हात लावायचा नाही. उरले १४०. ऑफिस जाऊन-येऊन ४० मैल असेल तर एकट्याने साडेतीन दिवस. आता तेच तीन जणांनी आळीपाळीने गाड्या काढल्या, तिघांच्या टाक्या अर्ध्याच आहेत असं धरा, तर दहा दिवस निघाले, म्हणजे कामाचे दोन आठवडे. एक थेंब न भरता. मे २०२१ चा तो गोंधळ एवढ्यात आरामात निघून गेला असता. लोकांना पेट्रोल शोधायला वेळ मिळतो पण हे गणित करायला मिळत नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

हायवेवर ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या पुढे स्पीड गेला की ॲव्हरेज पडायला लागतं, तर उजव्या लेनने जा (इंग्लंडात डाव्या). डिकीतला फालतू पसारा काढा, टपावरचं सामानाचं कॅरियर असेल तर ते आधी उतरवा, वारा अडवतं. टायरची हवा. बस एवढंच, बाकी ॲव्हरेज वाढवायच्या गोळ्या अन पावडरी विकणारे या काळात उगवतात, त्यांना एक पैसा देऊ नका.

कारपूलमध्ये पैशाचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आपल्याकडे "राहू दे ना भो" म्हणतात अन मग तिसऱ्या दिवशी मनात धरतात. ज्याची गाडी त्या दिवशी चालली त्याला बाकीचे इतके देणार, संपला विषय. अन वेळ पाळा, दहा मिनिटं उशीर झाला तर तीन जणांची नोकरी असते.

ऑफिसला मेल पहिल्या दिवशीच टाका. रडगाणं नको, साधं लिहा की माझ्या भागात इंधनाची अडचण आहे, माझ्याकडे अमुक दिवस पुरेल एवढं आहे, मंगळवार-गुरुवार घरून काम करू शकतो का. आकडा दिला की मॅनेजर ऐकतो. ज्यांचं काम तासावर आहे, दुकानात, गोदामात, हॉस्पिटलात, त्यांनी जवळजवळच्या शिफ्ट एकत्र मागाव्यात, चार दिवस सहा तासांपेक्षा तीन दिवस आठ तास, तेवढीच एक फेरी वाचते. विद्यार्थ्यांनी कॉलेजला लेखी कळवून ठेवा, इंग्लंडात विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेज हजेरी बघतं, नुसतं न जाणं वेगळं अन कळवून न जाणं वेगळं.

स्वयंपाक अन थंडी

घरचे इथेच सगळ्यात जास्त घाबरतात. अमेरिका-इंग्लंडात पेट्रोल नाही म्हणून चूल बंद पडत नाही, तिथे शेगडी लाइटवर असते नाहीतर पाइपाच्या गॅसवर. पण काठमांडू-कोलंबोसारखी वेळ असेल तर सिलिंडर पहिला जातो, तिथे इंडक्शन अन सपाट बुडाचा कुकर आधीच घेऊन ठेवायचा. डाळ रात्री भिजत घाला, एका कुकरात वरण-भात दोन्ही लावा, शिट्टी झाली की बंद करून वाफेवरच शिजू द्या.

ट्रक कमी झाले की दुकानात भाजी-दूध आधी कमी होतं, कोरडा माल टिकतो. इंडियन स्टोअर तर सहसा गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं, तिथे जायचंच पेट्रोल लागतं. म्हणून दहा दिवसांचा कोरडा माल कायम घरात पाहिजे अन आपल्या लोकांना ते जड नाही. दादरचं (ज्वारीचं) पीठ, कळण्याचं पीठ, तुरीची डाळ, शेंगदाणे, लसणाची चटणी, काळा मसाला. मायने दिलेले बिबडे अन उडदाचे पापड भाजूनपण चालतात, तेलाची कढई लागत नाही. शेव असेल तर शेवभाजी, भाजी नसली तरी चालतंय. एक खिचडी, वरून तेल अन लाल मिरची, सोबत कढी, या जेवणावर आपल्याकडची माणसं उन्हाळेच्या उन्हाळे काढतात.

आता गंभीर गोष्ट. वादळामुळे लाइट अन पेट्रोल दोन्ही गेलं की लोक कोळशाचं बार्बेक्यू घरात आणतात, नाहीतर जनरेटर गॅरेजमध्ये लावतात. आपल्याकडे भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर वावरात भाजतात, उघड्यावर, तिथे धूर निघून जातो. बंद घरात कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप आल्यासारखं वाटतं अन माणूस उठतच नाही. खिडकी उघडी ठेवली तरी पुरत नाही. जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून किमान २० फूट. गाडीत हीटर लावून बसायचं असेल तर गॅरेजबाहेर काढून, अन बर्फ असेल तर सायलेन्सरचं तोंड आधी मोकळं करून. घरात बॅटरीवरचा अलार्म पाहिजेच, वीस-पंचवीस डॉलरची वस्तू आहे. भरीत खायचंच असेल तर वांगं ओव्हनमध्ये भाजा, चव तेवढी नाही येत, मान्य.

काही घरांना हीटिंग तेलावर नाहीतर प्रोपेनवर असतं, अमेरिकेच्या ईशान्येकडे अन इंग्लंडच्या खेड्यांत. भाड्याने घर घेतानाच घरमालकाला विचारा हीटिंग कशावर आहे अन टाकी कोण भरतं. थंडीत ते संपलं तर सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, दाराखाली चादरी लावायच्या अन नळ बारीक धारेने चालू ठेवायचा, नाहीतर पाइपात पाणी गोठून पाइप फुटतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

काका-मावशी, तुम्ही जळगावात बसून पेट्रोल पाठवू शकत नाही, तर निदान घाबरवू नका. फोनवर तीनच गोष्टी विचारा, टाकीत किती आहे, औषधं किती दिवसांची आहेत, घरात पीठ-डाळ किती आहे. तिन्हीचं उत्तर बरं असेल तर गप्पा मारा अन फोन ठेवा. "परत ये" म्हणायची घाई नको. बीपी, शुगर, दम्याचं औषध असेल तर मात्र आजच आणायला लावा, टंचाई संपायची वाट बघायची नाही.

तुम्ही स्वतः तिकडे जाणार असाल अन नेमकं तेव्हाच हे झालं तर विमान सहसा रद्द होत नाही. विमानाचं इंधन वेगळं असतं, २०२१ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून निघणाऱ्या दोन लांबच्या विमानांना वाटेत इंधनासाठी थांबा दिला होता, उडाली ती पण. प्रश्न एअरपोर्टवरून घरी जायचा. पोराला शंभर मैल आणायला यायला लावू नका, बस-ट्रेनचं आधीच ठरवा. तुम्ही पहाटे उठून रेल्वेने मुंबई गाठता ना भुसावळहून, तशीच तिकडचीपण रेल्वे-बस जमते.

अन श्रीलंकेसारखी लांबणारी टंचाई असेल, कंपनीनेच हात वर केले असतील, तर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा. परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल आहे, तिथे तक्रार टाकता येते, ती घरच्यांनी इकडून टाकली तरी चालते. पासपोर्टची, व्हिसाची झेरॉक्स घरी ठेवलेली असली तर तेव्हा उपयोगी पडते.

कोणी दुप्पट-तिप्पट भाव लावत असेल तर पावती ठेवा अन पंपावरच्या भावाच्या बोर्डाचा फोटो काढा. नॉर्थ कॅरोलायनात आणीबाणी जाहीर झाली की अवाच्या सवा भाव लावणं कायद्याने चालत नाही, तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे करायची असते. बऱ्याच राज्यांत असं आहे. पण नुसता भाव वाढला म्हणजे लुटालूट असंपण नाही, मे २०२१ ला तर पूर्ण अमेरिकेचा सरासरी भावच २०१४ नंतर पहिल्यांदा ३ डॉलरच्या वर गेला होता.

टंचाई सुटली अशी बातमी आली की त्याच दिवशी पंपावर जाऊ नका, सगळे तेव्हाच जातात. दोन दिवस अजून कारपूल चालवा, मग सकाळी लवकर जाऊन भरा. कॅनमध्ये ठेवलेलं असेल ते आधी गाडीत ओता, अन रिकामा कॅन झाकण लावून शेडमध्येच ठेवा, घरात नाही, रिकाम्या कॅनमधली वाफसुद्धा पेट घेते.